शाळेतला रानतेरडा

धार, भाद्रपद शुद्ध दशमी

आज मी माणसाला मारलं. मुलींनी टेकडीवरून आणून शाळेच्या आवारात लावलेला रानतेरडा माळी भेरूने ऐन फुलांत कापून टाकला. म्हणाला, "बड़ी बाई बोली, साब आवे हे, घास साफ कर दो." घास! मी त्याच्या हातचा विळा हिसकावला आणि मुठीकडून तोंडावर हाणला. दोनदा. ओठ फाटला, मुली किंचाळल्या.

दुसऱ्यांदा का मारलं? तेव्हा तर तो हात जोडून उभा होता. हुकूम मोठ्या बाईंचा, पण त्यांना चकार शब्द बोलायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळी माफी मागायला त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि माझे पायच धरले. "इनकी नौकरी मत छुड़ाजो, बाई."