जिन्यावरचा विनोद

बाबा,

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही यातूनही एखादं प्रकरण काढाल.

तुमचं पुस्तक आमच्या ग्रंथालयात आलं. वर ‘विनोदी’ छापलंय, म्हणून मीच ते विनोदी कपाटात लावलं. आई जिन्यावरून गडगडत येते तो प्रसंग वाचक एकमेकांना वाचून दाखवतात, पोट धरून हसतात. तुम्ही तिला ढकललंत, तेवढंच लिहायचं राहिलं. तिचा हात अजून वर जात नाही. केस मीच विंचरते.

काल संतापून पुस्तक तिच्यापुढे आपटलं. तिनं चष्मा लावून ते पान वाचलं आणि चक्क हसली. म्हणाली, “अगं, अशीच पडले असेन मी. ह्यांना बरं आठवतं.”

पुस्तकात नसलेली, पण तेव्हा वरच्या पायरीवर उभी असलेली,
तुमची मुलगी