गयाबाईचा भरलेला तांब्या

सोमवार, दिवेलागण

गयाबाईचा तांब्या सकाळपासून तसाच भरलेला. तिची खाट माझ्या शेजारी, तिला उठता येत न्हाई. ओठ पार सुकलेत, तरी पाणी पीत न्हाई.

विचारलं, "कावून पीत न्हाईस गं? वीख कालवलंय का त्यात?"

म्हणती, "प्यालं की लघवीला भांडं मागावं लागतंय. एकली पोरगी, किती जणींकडं पळंल?"

खरं हाय. दिवाळी झाली, लोकं ऊस तोडायला गेली अन् आपापली म्हातारी या आश्रमात ठेवून गेली. खाटा भरल्या. सिस्टर मात्र तीच एक, संगीता.

दुपारी आश्रमाच्या साहेबांना म्हणलं, आणखी एक सिस्टर ठेवा. म्हणतात, "आजी, सीझन संपू द्या, मग बघू."

"सीझन संपला की म्हाताऱ्या घरी जातील. मग रिकाम्या खाटांना औषध पाजायला ठेवता का?"

हसले. म्हणाले, "संगीता एकटी निभावते की. कुणाची तक्रार आहे का?"

तेच डोक्यात बसलंय. निभावतंय कशानं? आमी तहानलेल्या पडतो, हाक मारत न्हाई म्हणून. अन् मी त्यापायीच गयाला लई गुणाची समजत होते.

आत्ता तांब्या तिच्या तोंडाला लावला.

"पी."

"अन् मग?"

"मग हाक मार. साहेब अजून हाफिसात हाय, तिथवर ऐकू गेली पाहिजे."

प्याली, निम्म्याच्या वर. संगीताचं वाईट वाटतंय, तिचे पाय सुजलेत. पण हाक जाणार. गयाचा आवाज पुरला न्हाई तर मी मारीन.