‘पटवलं’ लिहायचं नाही

३ जून

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण तुझे आजोबा. गेल्या आठवड्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड शाबूत आहे आणि जीभही. तुझी मामी गेल्यापासून माझ्याकडची पुढची खोली बंदच होती, ती मी रंगवून घेतली आणि खिडकीशी पलंग लावला. पण म्हातारा माझ्याकडे यायचं नाही म्हणून हटून बसलाय. मी विषय काढला की रेडिओ मोठा करतात. उद्या पुन्हा पडले आणि दाराला आतून कडी असली तर काय, या विचाराने दुकानात माझं लक्ष लागत नाही.

तू समाजकार्य शिकतेस, तर रविवारी ये आणि त्यांना पटवून दे. तुझं ते ऐकतात. आणि एक खरंच सांग, एवढं कॉलेजात जाऊन तुम्ही शिकता तरी काय? चांगुलपणाला कुठे पुस्तक लागतं? भाची पुढे काय होणार असं शेजारी विचारतात, तेव्हा मी ‘लोकांचं भलं करणार’ असं मोघम सांगून वेळ मारून नेतो. चेष्टा नाही, मला कुतूहल आहे.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.

दुकानात चष्मे पुसत बसलेला,
मामा

९ जून

ती. स्व. मामास सा. न. वि. वि.

आजोबांचं वाचलं. रविवारी जमणार नाही, महिनाअखेरीस येते, पण पटवायला नाही. अहवालात ‘पटवलं’ दिसलं की आमच्या बाई कागद परत करतात. मला आधी तो नुसता भाषेचा सोस वाटला.

आमचं प्रत्यक्ष काम इस्पितळात असतं. तिथे अर्धांगवायूतून सावरलेल्या एक आजी होत्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी मुलाकडे जावं म्हणून मी रोज गोड बोलले. त्या हो म्हणाल्या. डॉक्टर खूश, मुलगा खूश, मी तर हवेतच. थोड्याच दिवसांत आजी पिशवी घेऊन एकट्याच तपासणीला आल्या, मुलाचं घर सोडून. मग हो का म्हणालात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तू इतकं जीव तोडून बोलत होतीस, तुझं मन मोडवेना. मामा, मी त्यांना सांभाळायला गेले आणि त्यांनीच मला सांभाळून घेतलं.

तर आम्ही शिकतो ते एवढंच, की विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते मलाही नीट येत नाही. वकिलाला काळा कोट असतो, आमच्याकडे दाखवायला काहीच नाही. वॉर्डात कुणी मला नर्स समजतं, कुणी देणगी गोळा करणारी.

तू दिवसभर गिऱ्हाइकाला विचारतोस, ही काच बरी की ती? त्याच्या वतीने तू कधी बघत नाहीस. आजोबांसाठी मात्र न विचारता खोली रंगवलीस. ते इतकी वर्षं एकटे राहिले, मग आत्ताच का न्यावंसं वाटलं? पडण्याखेरीज दुसरं काही आहे का?

रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

१७ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतोच. तुझं पत्र गल्ल्यावर पालथं टाकलं. म्हटलं, मामाचीच मास्तरीण झाली. पण तो शेवटचा प्रश्न काही पाठ सोडेना. म्हणून तुझी वाट न बघता काल मीच गेलो. रेडिओ चालू होता, तो चालू दिला. तुम्हाला काय हवंय, एवढंच विचारलं आणि जीभ आवरून बसलो. गप्प बसणं इतकं अवघड असतं हे मला ठाऊक नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी आपणहून रेडिओ बंद केला आणि उलट मलाच विचारलं, तुला मी कशाला हवाय? मी पडण्याचं बोलायला गेलो आणि तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, ती गेल्यापासून दुकान बंद करून घरी जायचं जिवावर येतं. घरात खोकायलासुद्धा दुसरं कुणी नाही. आणि मी रडलो.

ते म्हणाले, मला सांभाळायला नेतोस म्हणून मी येत नव्हतो. तुला सोबत हवी असेल तर तू इकडे ये, वेड्या. मी अजून तुझा बाप आहे.

शुक्रवारी सामान हलवतोय. यापुढे मला पत्र आजोबांच्या पत्त्यावर लिहीत जा.

तुझा,
मामा