गाळी म्हणजे वारा

५ जानेवारी, रविवार

बंद केलं आमचं गळ टाकायचं वळण! सकाळच्या एसटीनं सोलापूरहून उजनी धरणाला गेलो, फुगवट्याच्या कडेकडेनं चालत नेहमीच्या बाभळीपाशी आलो आणि बघतो तर पाण्यात पिवळ्या पिंपांची रांग. पलीकडं भला मोठा लोखंडी तराफा, त्यावर खांब, खांबाला तीन पाती. काठावर पाटी — चाचणी क्षेत्र, गळ टाकण्यास मनाई.

माझा रविवारचा सोबती गोपाळ आधीच येऊन पाटीखाली बसला होता. "स्वामी, आता मासं सोडायचं पुण्यबी गेलं की तुमचं," म्हणाला. तो मला स्वामी म्हणून चिडवतो, कारण मी धरलेला मासा परत पाण्यात सोडतो. न सोडून करतो काय! आम्ही हिरेमठ, पक्के लिंगायत. घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आमिषाला मी गांडूळ लावत नाही, कणकेची गोळी लावतो. तीही राजेश्वरीच्या परातीतून चोरलेली. नवरा इतकी वर्षं दर रविवारी चिलापी धरतोय हे तिला कळलं तर मला सोवळ्यात बसवून शुद्ध करून घेईल! तिला वाटतं मी पक्षी बघायला जातो. चष्म्याचं दुकान चालवलेला माणूस, गळ्यात दुर्बीण शोभते.

तराफा कुणाचा ते मला पाटी वाचायच्या आधीच कळलं होतं. गोपाळला बोललो नाही.

६ जानेवारी

तराफा सिद्धूचा आहे. माझ्या मुलीचा — म्हणजे तिच्या कंपनीचा, पण त्यावर दिवसभर उभी असते ती. समुद्रात तरंगत्या पवनचक्क्या उभ्या करायच्या, त्याआधी सांगाडा धरणाच्या पाण्यात तपासून घ्यायचा, असं तिचं काम. उजनीवर येणार हे दिवाळीपासून सांगत होती. एवढं मोठं धरण! मला वाटलं असेल कुठंतरी मधोमध. नेमकं आमच्याच वळणात! तिथं म्हणे वारा सरळ येतो.

पण पोरगी किती वर्षांनी जवळ आली. आठवडाभर टेंभुर्णीला राहते, शनिवारी घरी. राजेश्वरी शुक्रवारपासूनच स्वयंपाकघरात गुणगुणायला लागते. वळण गेलं म्हणून रडू की पोरगी आली म्हणून हसू?

१२ जानेवारी, रविवार

दुसऱ्या कडेला बसलो. उन्हानं डोकं तापलं, गळाचं तंगूस काही हललं नाही. आमच्यासारखे गळाचे शौकीन आणखी चार-पाच जण होते, सगळ्यांची तोंडं लांब. गोपाळ म्हणाला आपण मंडळ काढू, अर्ज देऊ. भोई लोकांशी कंपनीनं बोलणी केली, आपल्याला कुणी विचारलं? अर्ज लिहायचा कुणी — तर स्वामींनी! लिहिला. हात थांबेना. हौसेला मोल नसतं म्हणून ती फुकट नसते, असं एक वाक्य पडलं. सगळे खूश झाले. अध्यक्ष म्हणून गोपाळनं सही केली. मी केली नाही.

परत येताना बसमध्ये एका जागी बसवेना. कंडक्टरनं दोनदा विचारलं, काका, उतरायचंय का?

१४ जानेवारी

गड्ड्याच्या जत्रेला गेलो, तिघंही. सिद्धूनं पाळण्यात बसवलं. घाबरलो. ती हसली.

१९ जानेवारी, रविवार

आज अजबच झालं.

बाहेर पडणाऱ्याला कुठं निघालात विचारू नये, काम बिघडतं, असं राजेश्वरीचं म्हणणं. दुधनीहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं मला कधी विचारलं नाही. त्या एका रीतीवर माझे सगळे रविवार निभावले! आज थंडी फार होती, मला खोकला. मी चपला घालत होतो आणि तिच्या तोंडून निसटलं — "यल्ली होंटीरी?"

मी बेसावध. मनात गळ, खिशात कणीक. घरात आमची बोली अर्धी कानडी, अर्धी मराठी. माझ्याही तोंडून निसटलं — "गाळ..." कानडीत गाळ म्हणजे गळ! जीभ चावली आणि घाईघाईनं शेपूट जोडलं — "...ई." गाळी. गाळी म्हणजे वारा.

ती उंबऱ्यात उभीच राहिली. "पोरीचा वारा बघायला जाता व्हय एवढं लांब? दर ऐतवारी?" डोळे भरले तिचे. मी मान हलवली. दुसरं काय करणार? आत गेली, दोन चपात्या जास्त बांधून आणल्या, शेंगाचटणी घातली वर.

चोराच्या पाठीवर शाल पांघरली कुणीतरी. 

२२ जानेवारी

राजेश्वरीनं फोनवर सिद्धूला सांगितलं! शेजारच्या गुरम्माला सांगितलं! मठात सांगितलं! बापाला किती कौतुक म्हणून. सिद्धूचा मला फोन.  म्हणाली, अप्पा, मला माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी काठावरून नको, आत या. मी हो म्हणालो. दिवसभर घरात येरझाऱ्या.

२६ जानेवारी, रविवार

तराफ्यावर गेलो. नारिंगी जाकीट घालून, होडीत बसून, मंत्र्यासारखा! काठावर गोपाळ असेल म्हणून मान खाली घालून बसलो होतो. तो नव्हता, नशीब.

सिद्धू दोरखंड दाखवत होती, यंत्रं दाखवत होती. खांबाला हात लावला तर आतून गुणगुण येते. मी वाकून खाली बघितलं, आणि बघतच राहिलो. तराफ्याच्या सावलीत चिलाप्याच चिलाप्या! लोखंडावर शेवाळ धरलंय, त्याला लुचतायत. एवढे मासे त्या वळणात मी जन्मात बघितले नव्हते. बोटं शिवशिवायला लागली. सिद्धू बोलत होती, इथलं पाणी फार शांत आहे, लाटच उठत नाही, खरी परीक्षा समुद्रात, असं काहीतरी. माझं लक्ष कुठं होतं! मी मासे बघतोय आणि तिला वाटतंय मी तिचं काम बघतोय. निघताना म्हणाली, अप्पा, तुम्हाला एवढं आवडलं? हो म्हणालो. मग माझ्या जाकिटाचे बंद सोडत राहिली. दमली असेल.

२ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री जेवताना सिद्धूनं सांगितलं — गळवाल्या हौशी लोकांचा अर्ज आलाय. वरच्या लोकांनी मनावर घेतलाय, सुनावणी होणार. त्यांनी विरोध सोडला नाही तर तराफा इथून उचलायचा आणि तामिळनाडूच्या समुद्रावर न्यायचा.

"मंग तू?" राजेश्वरीनं विचारलं.

"मी पण जाणार की तराफ्याबरोबर."

राजेश्वरी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी ताटातलं मीठ इकडून तिकडं करत राहिलो. म्हणजे माझ्या अर्जानं माझीच पोरगी घरातून उठणार! आणि वर सिद्धू म्हणते, अर्ज मात्र कुणीतरी झकास लिहिलाय.

३ फेब्रुवारी

काही सुचत नाही. दुकानात जाऊन आलो, आता दुकान बघणाऱ्या पुतण्यानं विचारलं बरं नाही का. काच पुसायला घेतली, फुटली.

९ फेब्रुवारी, रविवार

गोपाळला सगळं सांगून टाकलं. मुलगी, तराफा, सगळं. गळ घातली त्याला, की बाबा, अर्ज मागं घे. (गळ घालायची वेळ आली ती माणसाला!) तो काठीला तंगूस गुंडाळत ऐकत होता. त्याची बायको गेल्यापासून त्याला रविवारशिवाय काही नाही, हे मला का ठाऊक नाही? मग म्हणाला, "स्वामी, तुमची पोरगी तुमाला मोठी हाय, बरोबर हाय. पर मला हितं सोडून दुसरं काय हाय, ते सांगा." 

१२ फेब्रुवारी

झोप नाही. राजेश्वरी रोज मठात दिवा लावते — तराफा राहू दे म्हणून. गळवाल्यांना शिव्या देते. आज म्हणाली, जित्या जिवाला आकडा लावून बसणाऱ्यांना काय पोरीबाळी असतील?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणी झाली. जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

धरणाजवळच्या विश्रामगृहात टेबलाच्या एका बाजूला कंपनीचे दोन साहेब, मध्ये सरकारी अधिकारी, कडेला सिद्धू कागद घेऊन. दुसऱ्या बाजूला आम्ही. मी मागं लपून बसलो होतो. अधिकारी म्हणाले, मंडळातर्फे एकानं बोलावं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं — अर्ज यांनीच लिहिलाय! उभं राहावं लागलं.

सिद्धूनं मान वर केली. बघितलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही तिच्या. पेन उघडलं आणि विचारलं, "काका, आपलं नाव?"

काका! आपलं! मला कळेना तिनं मला वाचवलं की परकं केलं. "गुरुराज हिरेमठ," मी म्हणालो. तिनं लिहून घेतलं. तिचंच आडनाव लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही. साहेबांना काही कळलं नाही. सोलापुरात हिरेमठ काय थोडे आहेत?

बोलायचं खूप ठरवून आलो होतो. विरोध ठेवायचा, पण तराफ्याच्या एका अंगाला गळ टाकू द्या म्हणायचं, मधला रस्ता काढायचा. पण तिच्याकडं बघितलं आणि राजेश्वरीचा थांबलेला हात आठवला. म्हणालो, "आमचा विरोध नाही. अर्ज मागं घेतोय."

 बाकीच्यांना वाटलं असेल, स्वामींनी आतून काहीतरी ठरवून घेतलंय. गोपाळला तसं वाटलं नाही. तो उठला, "सही त्यांचीच घ्या," एवढंच बोलला आणि निघून गेला. मी सही केली. सिद्धूनं कागद माझ्याकडं सरकवला तेव्हा तिची बोटं थंड लागली.

बाहेर आलो तर गोपाळ आधीच्या बसनं गेलेला.

२३ फेब्रुवारी, रविवार

सिद्धू या आठवड्यात घरी आली नाही. काम आहे म्हणाली. राजेश्वरीनं आनंदानं मठात नारळ दिला — गळवाले हरले!

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. उपास. देवासमोर बसलो, मन बसलं नाही.

२ मार्च, रविवार

घरीच. दुर्बीण पुसली, परत पुसली. राजेश्वरीनं विचारलं, आज गाळी नाही? अंग दुखतंय म्हणालो. गोपाळला फोन केला, त्यानं उचलला नाही. दिवस सरता सरेना. मग मनाला सांगितलं, असू दे. वळण गेलं, गोपाळ गेला, पण पोरगी तर राहिली. तेवढ्यावर जेवलो.

८ मार्च, शनिवार

सिद्धू आली. संध्याकाळी मला गच्चीवर घेऊन गेली. म्हटलं आता माशांवरून बोलणार. ते दोन वाक्यांत झालं. धरता? धरतो, सोडतो. आईला? नको सांगू. बरं म्हणाली.

मग विचारलं, "अप्पा, तुमी माघार का घेतली?"

"तू घरी राहावीस म्हणून."

ती पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग बोलायला लागली ती थांबेचना. तिला समुद्र हवा होता. दिवाळीपासून मागत होती. धरणाच्या पाण्यात तराफा पाळण्यातल्या बाळासारखा डुलतो, त्यातून काही शिकायला मिळत नाही, असं तिनं वरपर्यंत कळवलं होतं, कुणी ऐकेना. आमचा अर्ज आला तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले. आता माझ्या माघारीवर करार झालाय. तराफा उजनीवरच, दोन वर्षं. तीही.

म्हणालो, अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?

"कसं सांगू? आई म्हणाली, अप्पा दर रविवारी एवढं लांब तुझा वारा बघायला येतात."

रागावली असती तर बरं झालं असतं. रागावली नाही. खाली जाऊन आईनं केलेली गव्हाची हुग्गी खाल्ली, आणखी मागून घेतली. मी तिच्याकडं बघत बसलो. माझी पोरगी माझ्या घरात पाहुण्यासारखी गोड वागत होती, आणि ते मला सहन होईना.

९ मार्च, रविवार

गोपाळच्या दारात गेलो. त्यानं दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. उंबऱ्यावरच बसून नवा अर्ज लिहिला — विरोध कायम आहे, माघार माझी एकट्याची होती, तराफा ताबडतोब समुद्रावर न्यावा. गोपाळनं वाचला. म्हणाला, "पोरगी जाईल की, स्वामी."

जाईल. त्यासाठीच लिहिला. एकही शब्द खोडला नाही.