चोखण्यांचं झाड

प्रिय टोरिल,

डेन्मार्कमध्ये एक धड टेकडी नाही म्हणून मी आयुष्यभर डेनिश लोकांची टिंगल केली. पण परवा कोपनहेगनची ही फ्रेडरिक्सबर्गची बाग पाहिली आणि माझी बोलती बंद झाली. आपल्या घरामागे अख्खा डोंगर, त्यामुळे नॉर्वेत मला बागेची कधी गरजच वाटली नाही. इथं सपाट जमिनीवर लोकांनी केवढं सुख उभं केलंय! हिरवळीवर कुणी पाव आणि मासळी खातंय, कुणी उताणं घोरतंय, आणि करडा बगळा शेजारी असा उभा, की त्यालाही घास ठरलेलाच आहे. कुंपणापलीकडे प्राणिसंग्रहालयातले हत्ती, तेही फुकटात! पाय भरून आले, तरी निघवेना.

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या त्या संशोधन केंद्रावर हिवाळाभर राहायचं की परतायचं, ते तू या आठवड्यात कळवणार आहेस. तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

मोठी बातमी म्हणजे तुझ्या सिग्नेची तोंडातली चोखणी सुटली! तू सांगायचीस ते बागेतलं झाड मी पहिल्यांदाच पाहिलं. फांदीफांदीला रंगीत फिती, चिठ्ठ्या आणि पोरांनी सोडून दिलेल्या चोखण्या. आधी मला जरा किळसच आली, मग उगाचच डोळे भरले. तुझा नवरा आस्गर घरातूनच धास्तावला होता. म्हणाला, "आई, कानात कापूस घाला, आता भोंगा वाजणार." पण आपली बया एकदम शांत. बापाच्या खांद्यावर बसून फीत तिनंच अडकवली आणि झाडाच्या कानात सांगावं तसं काहीतरी पुटपुटली. शेजारची एक आजी म्हणाली, "बाई गं, आमच्या नातवानं तर सगळी बाग डोक्यावर घेतली होती!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर पोरीचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू.

झाड बदल्यात भेट देतं, अशी इथली रीत. आस्गरनं बुंध्यामागे लाल सायकल लपवली होती. सिग्नेनं ती पाहिली, तिला वळसा घातला आणि पलीकडे जाऊन डोकावली. मी विचारलं, "काय शोधतेस गं?"

"आईला," ती म्हणाली. "मी झाडाला सायकल नव्हती मागितली."

आस्गरनं तिला उचललं आणि तळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. तो तुला यातलं काही कळवणार नाही. तुझ्या कामाच्या आड यायचं नाही, हा त्याचा हट्ट. मलाही गप्प राहायचं होतं, पण नाही जमत. टोरिल, पोरीनं जीव की प्राण असलेली वस्तू देऊन टाकली आणि अजून एकदाही परत मागितलेली नाही. दाराची घंटा वाजली की आधी ती धावते. हिवाळ्याला नाही म्हण आणि घरी ये.

तुझीच,
आई