माझ्या कॉम्प्युटरमधला भाडेकरू

१२ मे, मंगळवार

…त्या सकाळी मी नेहमीसारखंच आधी पाणी तापवलं. उकळी फुटायच्या आत उतरवून थर्मासमध्ये भरलं. अंगण झाडलं, चादरी भिजत घातल्या. माझा आदेमार स्वयंपाकघरात कॉम्प्युटरपुढे बसलेला, पायांत सपाता, अंगात नुसता बनियन. मी भोपळ्याच्या भांड्यात येर्बा, आमची कडू चहाची पानं, भरून नळी खोचली आणि म्हटलं, "घेतोस ना?" तर हा म्हणतो, "थांब म्हातारे, मी आत्ता बेबाकडे आहे!"

बेबाचं घर आमच्यापासून तीन घरं पलीकडे. पण पडद्यावर खरंच तिचा कॉम्प्युटर होता. तिच्या फायली, तिच्या नातवाचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो. आदेमार इथे माऊस हलवी आणि तिच्याकडचा बाण हले. "प्रिंटर रुसलाय तिचा. सपाता न काढता दुरुस्त करून येतो." मला ते आवडलं नव्हतं. लोकांच्या घरात असं शिरायचं म्हणजे काय! तो म्हणाला, "त्यांनी दार उघडलं तरच शिरतो." मग डोळा मिचकावून— "आणि आपल्याकडे मी एक भाडेकरू ठेवलाय. जेवत नाही, बोलत नाही. कुणाला सांगू नकोस. त्यालासुद्धा!"

मी हसले आणि चादरी पिळायला गेले. त्याची कुठलीच थट्टा मी पुरती ऐकून घेतली नाही.

हे आज आठवलं, कारण आज सकाळी पडद्यावरचा बाण हलला. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

१३ मे

आज नाही हलला. भासच असेल. भास असला तर बरं.

१५ मे, शुक्रवार

भास नाही. मी कादंबरी वाचत होते— ती दीपगृहवाल्याच्या बायकोची— आणि पान आपोआप उलटलं! माझ्या दोन ओळी राहिल्या होत्या. मी मागे गेले. थोड्या वेळाने पुन्हा उलटलं. जणू खांद्यामागून कुणीतरी वाचतंय आणि त्याला घाई झाली आहे.

कुणाला सांगू? आदेमार गेल्यापासून कॉम्प्युटरवर मी भरतकामाचं कापड टाकून ठेवलं होतं. मार्चपर्यंत, उन्हाळाभर, हात लावला नाही. एप्रिलमध्ये वाटलं, त्याने एवढी पुस्तकं साठवून दिलीत माझ्यासाठी, वाचावीत. तिसरीत शाळा सुटली माझी, दूध काढायला लागले. पुढचं सगळं वाचायला मी एकटीच शिकले. म्हणून लावला. आणि आता हे.

लूर्देसला तर मुळीच सांगायचं नाही. फेब्रुवारीत ती आली असताना मी गॅसवर दूध ठेवून विसरले, तेव्हापासून माझ्या लेकीने एकच धरून ठेवलंय— आई, तू एकटी राहू नकोस. मोंतेविदेओत तिने माझ्यासाठी खोली रिकामी केली आहे. आतल्या बाजूची, अंगणाकडे खिडकी नसलेली. बाण आपोआप हलतो म्हटलं की ती त्याच दिवशी गाडी घेऊन इथे पायसांदूला येईल.

१७ मे, रविवार

लूर्देसचा फोन. "आई, बाबांचा कॉम्प्युटर लावलास म्हणे!"

हिला कसं कळलं?

"वाचतेस वाटतं सकाळ-सकाळी? चष्मा लावतेस ना?"

सकाळी वाचते हेही ठाऊक! मी फक्त "हो" म्हटलं. पण डोक्यात एकदम लख्ख. जावई, फाब्रिसिओ— त्याचं पोट कॉम्प्युटरवरच चालतं. आदेमार सपाता घालून बेबाकडे जात असे, तर फाब्रिसिओला मोंतेविदेओहून इथे यायला काय अडचण? बसले असतील दोघं. आई कधी उठते, किती चुकते, एकच पान कितीदा वाचते. माझी परीक्षा चाललीय, आणि मला कुणी सांगितलेलंही नाही.

१८ मे

आज मदतीची पानं वाचून काढली. या लिनक्सबरोबर ती येतात. सगळी समजली नाहीत, पण मला अर्धवट समजत वाचायची सवय आहे, जुनी.

वरच्या कोपऱ्यात एक बारीक डोळा दिसतो. मला वाटे, नक्षी आहे! ती नक्षी नाही. दुसरं कुणी तुमचा पडदा बघत असलं की तो डोळा येतो. त्यावर बाण नेऊन ठेवला. अक्षरं आली— एकजण जोडलेला आहे.

पुन्हा वाचलं.

तिथेच 'तोडा' असं बटण आहे. दाबलं. डोळा गेला. मी ताट धुऊन आले तर परत आलेला!

आदेमार म्हणायचा, हा प्रोग्राम कुणा एकाच्या मालकीचा नाही, आपल्या वसाहतीसारखा आहे. आतलं सगळं उघडं, ज्याला हवं त्याने वाचावं, मोडलं तर नीट करावं. तेव्हा ऐकायला बरं वाटायचं. पण उघडं असलं म्हणून कुणीही यायचं का? आमची घरंही सगळ्यांनी मिळून बांधली, पण दारांना कड्या लावल्याच ना.

२० मे, बुधवार

लिहू की नको?

आज मी डोळ्यावर लक्ष ठेवून बसले. तो आला. बाण सरळ गेला, जराही न चाचपडता, आदेमारच्या फायलींच्या आत, त्याच्याही आत, एका कप्प्याशी. नाव— 'माझी लाडकी'. तो उघडला. मला हा कप्पा माहीत नव्हता.

फोटो. एक मुलगी, पंचविशीची. कुरळे केस. समुद्रावर. कुठल्याशा गच्चीत, पोहण्याचे कपडे घालून, हसताना. एका फोटोवर बाण थांबला आणि बराच वेळ थांबून राहिला.

म्हणजे लूर्देस नव्हे. लूर्देस बापाच्या असल्या फोटोंपाशी अशी थांबली नसती.

आदेमार, ही कोण? आणि तिला बघायला माझ्या घरात येतंय ते कोण? तीच का? आपलेच फोटो बघायला?

एकेचाळीस वर्षं एका ताटात जेवलो आपण.

२१ मे

कप्पा उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

बसून राहिले. डोळा आला. बाण फायलींत गेला, तिथे कप्पा नाही. इकडे गेला, तिकडे गेला. घरात किल्ली हरवल्यावर माणूस फिरतं तसा फिरला. मग डब्याशी आला, कप्पा धरला आणि जागेवर नेऊन ठेवला!

मी परत टाकला.

त्याने परत काढला.

मी माऊस घट्ट धरला. त्यानेही तिकडून धरला असणार, कारण बाण मधल्यामध्ये थरथरत होता, कुठेच जाईना. माझं घर, माझं टेबल, माझा नवरा— आणि मी ओढाताण करतेय ती कुणाशी हेसुद्धा मला ठाऊक नाही!

शेवटी लिहायचं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरांत टंकलं— तू कोण आहेस?

बाण जागच्या जागी थिजला. आणि डोळा मिटला.

कप्पा अजून डब्यात आहे. डबा रिकामा करायचं बटण बाजूलाच आहे. ते दाबलं की कायमचं गेलं. उद्या दाबीन.

२२ मे

डोळा आला नाही. बटण दाबलं नाही. का, ते विचारू नये.

२४ मे, रविवार

घोडचूक केली.

लूर्देस फोनवर हवापाण्याचं बोलत होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फाब्रिसिओ माझ्या कॉम्प्युटरमध्ये येतो का?"

ती लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात, "आई, कोण येतं?"

"कुणी नाही गं."

"काय दिसतं तुला, आई?"

"पुस्तक दिसतं! दुसरं काय दिसणार?"

"आणि लावल्याचं मला बेबाने सांगितलं. तूच सांगितलंस तिला दुकानात. आठवत नाही का?"

आठवलं. तेव्हा आठवलं.

"शनिवारी आम्ही येतो," ती म्हणाली. "थोडे कपडे भरून ठेव. बघू, राहून तर बघ."

२६ मे, मंगळवार

दिवसभर पाऊस. बेबा आली, गरम तळलेल्या तोर्ता, आमच्या जाड पुऱ्या, फडक्यात बांधून. पावसात तोर्ता तळायच्याच, त्यात तिचा खंड नाही. मी पाणी तापवलं. भांडं तिच्या हातात दिलं तर नळी तोंडात धरूनच बोलायला लागली.

"कळलं का गं? आउरेलिओ गेला कामातून."

आउरेलिओ म्हणजे कोपऱ्यातल्या घरातला गवंडी. आदेमारचा जोडीदार. "गेला?"

"अगं, तसा नाही! डोक्याने. म्हणतो, माझ्या कॉम्प्युटरमध्ये बाई शिरलीय!"

"बाई?"

"कादंबरी वाचते म्हणे. आणि बाईच असणार म्हणतो, इतकी हळू वाचते! मी म्हटलं, मग पुरुष असता तर वाचलीच नसती." बेबा खो-खो हसली. मग घास गिळून, खालच्या आवाजात, "पण वाईट वाटतं बाई. त्याची नात आहे ना स्पेनला, व्हॅलेन्सियात, तिकडेच जन्मलेली, कधी बघितली पण नाही त्याने. तिचे फोटो ती बाई कचऱ्यात टाकते म्हणतो. हा काढतो, ती टाकते. आणि परवा काय, तिने त्याला लिहून विचारलं— तू कोण आहेस! बिचाऱ्याने झाकण मिटलं ते अजून उघडलेलं नाही."

माझ्या हातातली तोर्ता तशीच राहिली.

"तुझा आदेमार गेला तेव्हा आउरेलिओचा कॉम्प्युटरही मेला होता, बघ. काळा पडदा. मग एप्रिलमध्ये आपोआप उठून बसला. तेव्हाच मी म्हटलं, हे काही खरं नाही. गुरुवारी नेस्तोर येतोय सॉल्तोहून, बापाला वृद्धाश्रमात न्यायला. जागा मिळालीय. … झुल्मा? ऐकतेस ना?"

ऐकत होते. सगळं ऐकत होते. अगदी चादरी पिळायला गेले होते तेव्हाचंसुद्धा.

२७ मे, बुधवार

आउरेलिओच्या कॉम्प्युटरच्या पोटात काही उरलं नसणार. आदेमारने नवीन दिला असता तर त्याने घेतला नसता. तो कुणाचं काही घेत नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही. म्हणून आदेमारने त्याला न सांगता आमच्या कॉम्प्युटरमध्ये आणून ठेवलं. तो तिकडे झाकण उघडतो आणि आमचा पडदा त्याच्यासमोर पसरतो. त्याला वाटतं, आपलंच घर. फोटो इथेच ठेवतो. वसाहतीतल्या सगळ्यांच्या पडद्यांवर आदेमारने एकच चित्र लावलं होतं, नदीवरच्या पुलाचं. ओळखणार कसा?

आमची घरंही तशीच. सगळी एका मापाची. बांधून पुरी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या, तोवर आपण कुणाची भिंत रचतोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आदेमार म्हणे, म्हणूनच एकही भिंत वाकडी नाही. पहिल्या वर्षी आउरेलिओ एकदा कामावरून थकून आला आणि आमच्या घरात शिरला. बूट काढले, टेबलाशी बसला आणि मला म्हणाला, "तू इथे काय करतेस?" महिनाभर सगळी वसाहत हसत होती. या स्वयंपाकघराची भिंत त्यानेच रचलेली.

कप्पा डब्यातून काढून जागेवर ठेवला. त्या मुलीची हनुवटी आउरेलिओचीच आहे. मला दिसली कशी नाही! मला दुसरंच बघायचं होतं.

आदेमार, माफ कर म्हणत नाही. मला सांगितलं असतंस तर.

नाही— सांगितलं होतंस.

आता बोलायचं, तर नेस्तोरपुढे कबूल करायचं की बाण माझ्याकडेही हलतो, मीही त्याच्याशी भांडले, मीच लिहिलं. नेस्तोर बेबाला सांगणार, बेबा लूर्देसला. शनिवारी लूर्देस गाडी घेऊन येतेच आहे. आणि खरं सगळं सांगितलं तर आउरेलिओला कळणार की तो दुसऱ्याच्या घरात राहत होता. वृद्धाश्रमापेक्षा ते त्याला जास्त लागेल. त्याला नाही सांगायचं, हे आदेमारला मी हसून का होईना, कबूल केलं होतं.

नाही बोलले, तर कुणालाच काही कळणार नाही. मला सोडून.

२८ मे, गुरुवार

घरचा कॉम्प्युटर लावून ठेवला. थर्मास भरला. कोपऱ्यातल्या घरी गेले. नेस्तोरने दार उघडलं. बॅग दाराशीच होती. आउरेलिओ टेबलाशी, मिटलेल्या झाकणापुढे, बाहेर जायचा कोट घालून बसलेला.

मी झाकण उघडलं. नदीवरचा पूल आला. मी नेस्तोरला म्हटलं, "तुझा बाप ठणठणीत आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाई शिरते ते खरं आहे. ती मी. आदेमार जाताना काहीतरी जोडून गेला, आणि मी तुझ्या बापाला न विचारता इथे येऊन वाचते. फोटो मीच टाकले. मला वाटलं, माझं घर आहे." मग आउरेलिओला म्हटलं, "मला काढू नकोस. मी हळू वाचते, पण त्रास देणार नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग कोटाची बटणं काढली.

"ती दीपगृहवाली," तो म्हणाला, "नवऱ्याला सोडून जाते का?"

"मला काय माहीत! तू पान उलटू देशील तर कळेल."

मी खुर्ची ओढली आणि येर्बावर पाणी घातलं.