खंडोबाचा किडा आणि यांचा हात

पौड, ८ ऑक्टोबर १९७८, रविवार

नवी वही. मी लिहायला शिकले ती लेकीला, शमीमला, सासरी पत्रं धाडता धाडता. त्यामुळं कागद पुढ्यात आला की आधी खुशालीच विचारावीशी वाटते. तर विचारते. पोराची, अन्वरची, पाठ? पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करून येतो, झोपला की बरी, उठला की दुखरी. शमीमची दाढ? काढली म्हणे, बावधनला डॉक्टर आलाय. शेजारच्या कोंडाबाईचा दमा? बोलायला पुरून उरतो. माझे गुडघे? असू देत.

आणि यांचा हात?

हलतो. बशीत कप वाजायला लागला की मी भांडी आपटते, म्हणजे कुणाला ऐकू जाऊ नये. उन्हाळ्यातल्या एका लग्नाचे फोटो यांनी काढले, त्यात नवरदेवाला दोन नाकं आली आणि नवरीच्या बापाला डोकंच नाही. तेव्हापासून आमच्या फोटो स्टुडिओची पायरी कुणी चढत नाही. हे रोज उघडतात, पडदा झटकतात, बसतात.

११ ऑक्टो.

पुण्याचे एक साहेब आले. शेतकऱ्यांसाठी पुस्तिका छापतात. कीड खाणाऱ्या किड्याचा फोटो पाहिजे, तोही पिल्लाचा, जवळून, डोळे दिसले पाहिजेत. आमच्या परसात मिरचीवर त्यांनीच शोधला. हिरवा, बोटाच्या पेराएवढा, पंख नाहीत, शेपूट पाठीवर वळवलेली, पुढचे दोन पाय जोडून बसलेला. साहेब म्हणाले, "प्रार्थना कीटक." कोंडाबाई कुंपणावरून म्हणाली, "कशाचा परारथना? खंडोबाचा किडा हाय त्यो. देवाचं जनावर. मारू नगा."

मला बघूनच शिसारी आली. मान फिरवून बघतो मेला. किड्यानं मान फिरवायची असते का?

साहेबांनी विचारलं, "चाचा, जमेल ना?" विचारताना नजर यांच्या हाताकडं. यांनी हात खिशात घातला, "का नाही जमणार," म्हणाले. खिसा हलत होता.

१२ ऑक्टो.

फुलाचा, पोराचा फोटो काढतात, किड्याचा कसला. पण यांच्या अंगात आलंय. कॅमेऱ्याचं भिंग काढून उलटं लावलं, सायकलच्या ट्यूबचा पट्टा कापून वर ताणला. म्हणतात उलट्या भिंगातून बारीक ते मोठं दिसतं. कुणी शिकवलं नाही, स्वतःच केलं. स्टँड मिरचीच्या झाडाएवढा खाली बसत नाही, म्हणून गोणपाटावर पालथं पडून हातात धरूनच काढायचा.

म्हणजे हातावरच सगळं आलं.

१४ ऑक्टो.

किडा पळू नये म्हणून खायला घालायचं. कुणी? मी. गुळावरच्या माश्या बरणीत धरायच्या. बरणीला वास सुटलाय. त्याच हातानं भाकरी थापायची. तीनदा साबण लावला तरी घास उतरला नाही.

मी माशी सोडली. जोडलेले हात सुटले ते दिसलेच नाहीत मला, माशी त्याच्या काट्यांत. आणि जिवंतपणी डोक्याकडनं खायला सुरुवात. पाय हलतायत तिचे आणि हा निवांत, म्हातारा पेरू खातो तसा. मुखी राम बगलेत सुरी म्हणतात ते उगाच नाही. मी तोंडाला पदर लावून आत आले.

हे: "अगं, सुंदर आहे!"
मी: "तुम्हीच जेवा त्याच्या पंगतीला."

१७ ऑक्टो.

पहिला रोल धुतला. सगळं धूसर. किडा वाऱ्यावरच्या पानासारखा डुलतो, त्याचं ते सोंग. आणि इकडं हे डुलतात. दोघं एका तालात आले तरच फोटो. अन्वर निगेटिव्ह उजेडात धरून म्हणाला, "अब्बा, आता पुरं की. म्हाताऱ्यानं किती रांगायचं?"

मला अन्वरचा राग आला. खरं बोलला, म्हणून जास्त.

२० ऑक्टो.

मिरचीवर दोन खं. कि. होते. (खंडोबाचा किडा दरवेळी लिहायचा कंटाळा.) आज एकच. दुसऱ्याचा एक पाय खाली पानावर. सख्खा भाऊ असणार, एकाच घरट्यातला. कोंडाबाईला दाखवलं तर हसली: "आगं माणसं तरी काय येगळं करत्यात? ती निदान वाटणीला कोर्टात जात न्हाईत."

२४ ऑक्टो.

आला! दुसऱ्या रोलात एक, एकच, पण लख्ख. मिशा, पायांवरचे काटे, सगळं. यांनी भिंगाखाली पाहिला आणि खुर्चीत बसून राहिले. मग म्हणाले, "हात आहे अजून." डोळ्यांत पाणी. मलाही भरून आलं. किड्याचं तोंड बघून नव्हे.

२५ ऑक्टो.

काय लिहू. माझे हात तोडावेत.

या दुकानात साफसफाईचं काम माझं. चेहऱ्यावरचे डाग, तीळ, देवीचे वण, निगेटिव्हवर कुंचल्यानं मीच घालवत आले. गावात कुणी गेलं आणि आयुष्यात फोटो नसला की मयताला खुर्चीत बसवून फोटो काढतात. त्याचे मिटलेले डोळेही मीच उघडते, प्रिंटवर. तालुक्यात माझ्या डोळ्यांचं नाव आहे.

तर काल दुपारी हे झोपले असताना त्यांना खूश करावं म्हणून निगेटिव्ह साफ करायला घेतली. किड्याच्या दोन्ही डोळ्यांत एक एक बारका ठिपका. मला वाटलं धूळ. एका केसाच्या कुंचल्यानं लाल रंग लावून दोन्ही बुजवले.

ती धूळ नव्हती. त्या हिरव्या डोळ्यात काळा ठिपका असतोच, आणि तो आपल्याकडं बघतो. आपण इकडं गेलो की इकडं, तिकडं गेलो की तिकडं. आज परसात जाऊन खात्री केली. अंगावर काटा आला.

हे उठले, प्रिंट काढली. किडा मयतासारखा. निगेटिव्हवर बुजवलं तिथं प्रिंटवर पांढरं येतं, तसे पांढरे डोळे. "आंधळा केलास तू त्याला!" एवढंच बोलले. रंग धुवून काढायला गेले तर हात हलला, ओल्या निगेटिव्हचा पापुद्राच सुटून आला. आणि तो एकच होता.

जेवले नाहीत. मीही नाही. आज माश्यांची नाही, माझीच किळस आली.

२८ ऑक्टो.

साहेब आले. नाही झाला म्हटल्यावर सल्ला दिला: "बाटलीत औषधाचा बोळा टाका, मेला की टाचणीनं काडीवर बसवा. मग हलणार नाही. कोणाला कळतंय?"

मी चहा ठेवायला आत जात होते, थांबले. मेलेल्याला बसवायचं आम्हाला नवं नाही. पण तिथं घरचे रडत असतात, त्यांना आठवण पाहिजे असते. हे कसलं? जिवंत आहे म्हणून छापायचं आणि टाचणी खुपसायची. मला त्या किड्यापेक्षा साहेब ओंगळ वाटला.

हे म्हणाले, "जिवंतच काढीन. आठ दिवस द्या." आवाज मात्र हातासारखा झाला होता.

१ नोव्हें.

हे रोज सकाळी गोणपाटावर. हात आधीपेक्षा वाईट. त्या दिवसापासून मन धसकलंय. कॅमेरा कपाळाला टकटक लागतो. मी शेजारी माशी घेऊन बसलेली. बघणारा म्हणेल वेडी झाली दोघं.

२ नोव्हें.

आज सकाळी यांना खोकल्याची उबळ आली. कॅमेरा माझ्या हातात देऊन पाणी प्यायला आत गेले. मी नुसतं बघावं म्हणून डोळा लावला.

या अल्ला. केवढं ते तोंड! उंबऱ्याएवढं वाटलं. पुढचा पाय जबड्यात धरून चाटून पुसत होता, मांजर पुसतं तसा. आणि डोळ्यातले ते दोन ठिपके थेट माझ्यावर. कॅमेरा टाकून पळावं असं वाटलं. पण मी श्वास धरून गुडघ्यावर कोपर टेकला. आणि बटण दाबलं.

हे आले तोवर त्यानं पाठ फिरवली होती. यांनी आणखी पाच-सहा काढले, पाठीचे.

सांगणार होते. यांनी विचारलं, "काही हललं का गं?" मी म्हटलं, "नाही."

४ नोव्हें.

रोल धुतला. एक लख्ख. पाय चाटताना. तोच.

हे: "बघ! पाठ फिरवायच्या आधी मी पकडलाच!"

तोंडात आलेलं मी गिळलं. माशीसारखं.

यांनी अन्वरला उठवून दाखवलं. अन्वर म्हणाला, "अब्बा, चुकलं माझं." बाप-लेक कधी नव्हे ते एका ताटात जेवले. मी वाढत होते. कसं बोलायचं सांगा.

९ नोव्हें.

साहेबांनी फोटो नेला, खूश. यांनी एक मोठी प्रिंट करून स्टुडिओच्या काचेत लावली, नवरा-नवरीच्या फोटोंच्या वर. बाजाराला आलेली माणसं थांबून बघतात. "च्या मायला, केवढा हाय!" "ह्ये चाचांनी काढला? लई भारी!" मी काचेकडं बघत नाही. बघितलं की ते ठिपके माझ्याचकडं. सगळ्यांना तसंच वाटत असेल. पण मला कारण आहे.

१५ नोव्हें.

जे व्हायचं तेच झालं. पिरंगुटचे एक भाऊसाहेब काचेतला किडा बघून आत आले. "चाचा, डोळ्यातला ठिपका टिपलात तुम्ही, आमच्या पोरीचं लगीन तुमीच टिपायचं." पुढच्या गुरुवारी. यांनी हो म्हटलं.

किडा मिरचीवर रोज बसतो. लग्न एकदाच लागतं. अक्षता पडल्या की परत टाका म्हणता येत नाही. एकुलती पोर आहे म्हणे. तिच्या नवऱ्याला दोन नाकं आली तर हे परत कॅमेरा हातात धरणार नाहीत, आणि ती पोर जन्मभर आम्हाला शिव्या देईल. आणि सांगितलं तर हे आजच ठेवून देतील, तेही मला ठाऊक आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण पहिला, जो मी आंधळा केला, तो यांचाच होता ना? तो तर लख्ख होता. म्हणजे हात आहे? की एकदाच लागलेला नेम?

१९ नोव्हें., रविवार

सकाळी मला परसात उभं केलं. सरावाला. कॅमेऱ्यात रोल नाही. "नवरी समज स्वतःला." कोंडाबाई कुंपणावरून, "आता गं बया, ह्या वयात!" मी हसले नाही. यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. भिंग माझ्या तोंडावरून भिंतीवर, भिंतीवरून मिरचीवर, परत तोंडावर. खटका वाजला.

"हललीस तू," म्हणाले.

मी श्वास धरून उभी होते.

"हो," म्हटलं, "हलले."

मग आत येऊन शमीमला पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि अन्वर एस.टी.ला निघाला तेव्हा त्याच्याकडं टाकायला दिलं. सगळं लिहिलं, किळस आली तीसुद्धा, आणि शेवटी विचारलं: तुझ्या अब्बांना सांगू, का मी फ्लॅश धरायच्या निमित्तानं मांडवात शेजारी उभी राहू आणि दुसरा कॅमेरा पदराखाली ठेवू? तुझं डोकं थंड आहे. गुरुवारच्या आत उत्तर येऊ दे, पोरी. दोन ओळी पुरे, पण लवकर लिही.